गणिताचे सर निघाले तेव्हा : डोंबिवलीतील एका शिकवणी वर्गाचे प्रकरण

ऑक्टोबर २०२४ च्या दुसऱ्या आठवड्यात, शाळांच्या प्रथम सत्र परीक्षा चालू असताना, डोंबिवली पूर्वेतील एका शिकवणी वर्गाच्या संचालिकांच्या हाती गणित-विज्ञानाच्या शिक्षकांचा राजीनामा आला. पत्र चार ओळींचे होते. करारानुसार एक महिन्याची पूर्वसूचना, दिवाळीच्या सुट्टीनंतर काम थांबवण्याची इच्छा आणि चार वर्षांच्या सहकार्याबद्दल आभार, एवढेच त्यात होते. पत्रात न लिहिलेली गोष्ट सरांनी तोंडी सांगितली : पाच मिनिटांच्या अंतरावर त्यांनी गाळा पाहून ठेवला होता आणि तेथे ते स्वतःचा वर्ग सुरू करणार होते. आठवी ते दहावीचे ६० विद्यार्थी त्यांच्याकडे गणित आणि विज्ञान शिकत होते. त्यांपैकी दहावीच्या २२ जणांची मंडळाची लेखी परीक्षा २१ फेब्रुवारी २०२५ रोजी सुरू होणार होती. आदल्या वर्षी ती १ मार्चला सुरू झाली होती, त्यामुळे तयारीचा आठवडाभर आधीच कमी झालेला होता.

हे प्रकरण कोणत्याही एका खऱ्या संस्थेचे नाही. उपनगरांतील मध्यम आकाराच्या वर्गांत वारंवार दिसणाऱ्या परिस्थितीवरून ते अभ्यासासाठी रचले आहे. वर्गाच्या हिशेबाचे आकडे त्यासाठी धरलेले आहेत. कायदे, परीक्षा आणि सर्वेक्षणे यांचे तपशील मात्र प्रत्यक्षातले आहेत. शिक्षक गेल्यावर वर्ग कसा टिकवावा, असा प्रश्न या प्रकरणात वरवर दिसतो. माझ्या मते त्याच्याआधी दुसरा प्रश्न येतो : हा वर्ग नेमके काय विकत होता, आणि त्यातल्या कशाचे पैसे घेत होता?

वर्गाची घडण

संचालिकांनी सुरुवात स्वतःच्या घरातील बाहेरच्या खोलीत, पहिली ते चौथीच्या मुलांचा अभ्यास घेण्यापासून केली. मुले वाढली तसे वर्गही वाढले आणि शेजारची सदनिका भाड्याने घेतली गेली. २४ मे २०१९ रोजी सुरतच्या तक्षशिला आर्केड इमारतीतील आगीत शिकवणीला आलेले २२ विद्यार्थी दगावले, तेव्हा राहत्या इमारतींत चालणाऱ्या वर्गांकडे पाहण्याची सर्वांचीच नजर बदलली. जिन्यात चपलांचा ढीग, एकच दरवाजा आणि खिडकीवर लावलेला वर्गाच्या नावाचा फ्लेक्स, अशी या वर्गाचीही स्थिती होती. सोसायटीने हरकत घेतली, संचालिकांनाही ती पटली, आणि वर्ग एका व्यापारी संकुलाच्या पहिल्या मजल्यावर, दोन जिने असलेल्या जागेत हलला. दोन खोल्या आणि एक लहान कार्यालय यांचे भाडे महिन्याला ३८,००० रुपये. सुरक्षिततेसाठी घेतलेला हा निर्णय योग्यच होता. पण त्यामुळे मुले आली काय नि न आली काय, दर महिन्याला द्यावी लागणारी एक मोठी रक्कम डोक्यावर आली.

पुढच्याच वर्षी, मार्च २०२० मध्ये, टाळेबंदी लागली. संचालिकांना ऑनलाइन शिकवण्याची सवय नव्हती. नुकतेच विज्ञान शाखेतून पदवीधर होऊन नोकरीच्या शोधात असलेले हे तरुण शिक्षक त्याच काळात रुजू झाले आणि त्यांनी वर्ग अक्षरशः सावरला. भिंतीवर लावलेल्या पांढऱ्या फळ्यासमोर मोबाइल ठेवून त्यांनी भूमितीची प्रमेये शिकवली, रात्री अकरापर्यंत मुलांच्या शंकांना उत्तरे दिली, प्रत्येक इयत्तेचा व्हॉट्सॲप गट तयार केला. त्या गटांचे ॲडमिन अर्थातच ते स्वतः होते. २०२१ मध्ये दहावीची लेखी परीक्षाच रद्द झाली आणि अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला, तेव्हा 'परीक्षाच नाही तर उरलेली फी कशाची?' असे विचारणाऱ्या पालकांशीही तेच बोलले. वर्ग पुन्हा प्रत्यक्ष भरू लागल्यावर मोठ्या मुलांच्या पालकांशी असलेला सगळा संवाद सरांच्या फोनवर होता आणि संचालिकांकडे पावतीपुस्तक होते. हे कोणी ठरवून केले नव्हते, आणि पुढे राजीनाम्यापर्यंत ते कोणाला खटकलेही नाही.

सरांचे शिकवणेही खरोखर चांगले होते. मराठी माध्यम, सेमी-इंग्रजी आणि इंग्रजी माध्यम अशा तीन प्रकारची मुले एकाच तुकडीत असतात आणि छोट्या वर्गाला तीन वेगळ्या तुकड्या परवडत नाहीत. एकच उदाहरण दोन्ही भाषांच्या परिभाषेत सांगत, फळ्यावर दोन रकाने करत, कोणालाही परके वाटू न देता शिकवण्याची हातोटी त्यांच्याकडे होती. त्यांची जागा भरणे अवघड होते ते यासाठी.

हिशेब

राजीनाम्यानंतर संचालिकांनी पहिल्यांदाच इयत्तावार हिशेब मांडला. तोवर जमा एका वहीत आणि खर्च दुसऱ्या वहीत होता, आणि महिन्याच्या शेवटी हातात काय उरते यावरून धंदा कसा चालला आहे ते ठरत असे.

पहिली ते चौथीची ३६ मुले दरमहा ८०० रुपये प्रमाणे दहा महिन्यांची फी भरत होती : २,८८,००० रुपये. पाचवी ते सातवीची ४२ मुले दरमहा १,२०० रुपये : ५,०४,००० रुपये. आठवीला १८ विद्यार्थी प्रत्येकी १६,०००, नववीला २० विद्यार्थी प्रत्येकी १९,००० आणि दहावीला २२ विद्यार्थी प्रत्येकी २४,००० रुपये वार्षिक. या तिन्ही इयत्तांचे मिळून ११,९६,००० रुपये. एकूण आकारणी १९,८८,००० रुपये.

ही रक्कम २० लाखांच्या जेमतेम १२ हजार अलीकडे होती, आणि हा योगायोग नव्हता. सेवा पुरवणाऱ्या व्यावसायिकाची वार्षिक उलाढाल २० लाखांपलीकडे गेली की वस्तू व सेवा कराची नोंदणी बंधनकारक होते. शाळेच्या शिक्षणाला असलेली करसूट खासगी शिकवणीला मिळत नाही. तिच्यावर १८ टक्के कर लागतो. पन्नास लाखांपर्यंतच्या उलाढालीच्या सेवांसाठी ६ टक्क्यांची कॉम्पोझिशन योजना आहे, पण तो कर पालकांच्या पावतीवर वेगळा दाखवून वसूल करता येत नाही, तो स्वतःच्या खिशातून जातो. वीस लाखांवर सहा टक्के म्हणजे १,२०,००० रुपये. त्यामुळे गेली दोन वर्षे संचालिका जून महिन्यात शेवटचे काही प्रवेश चक्क नाकारत होत्या. लहान वर्गाला वाढीपेक्षा न वाढणे अधिक परवडते, अशी ही स्थिती आहे.

खर्चाची बाजू अशी : भाडे वर्षाला ४,५६,०००, गणिताच्या सरांना दरमहा ३२,००० प्रमाणे ३,८४,०००, भाषा आणि समाजशास्त्र शिकवणाऱ्या शिक्षिकेला दरमहा १८,००० प्रमाणे २,१६,०००, लहान मुलांच्या दोन शिक्षिकांना प्रत्येकी ९,००० प्रमाणे मिळून २,१६,०००, पाचवी ते सातवीच्या गणितासाठी अर्धवेळ शिक्षिकेला ११,००० प्रमाणे १,३२,०००, वीज, इंटरनेट, झेरॉक्स, साफसफाई, जाहिरात यांवर १,६८,०००. एकूण १५,७२,००० रुपये. कागदावर ४,१६,००० रुपये उरत होते. त्यातून सवलती आणि बुडीत फी मिळून साधारण १,४०,००० वजा केल्यावर २,७६,०००, म्हणजे महिन्याला २३,००० रुपये. संचालिका स्वतः रोज तीन तास शिकवत होत्या, उरलेला वेळ व्यवस्थापन पाहत होत्या, आणि त्यांना त्यांच्याच वर्गातील शिक्षकापेक्षा नऊ हजार रुपये कमी मिळत होते.

सरांच्या बाजूने पाहिले तर त्यांचेही गणित चुकीचे नव्हते. साठ विद्यार्थ्यांची फी बोटांवर मोजली की जवळजवळ बारा लाख होतात आणि त्यातले आपल्या वाट्याला चार लाखसुद्धा येत नाहीत, हे त्यांना दिसत होते. भाडे, दुसऱ्या शिक्षिकेचा पगार आणि थकलेले हप्ते त्यांना दिसत नव्हते, कारण ते कोणी कधी दाखवलेच नव्हते.

भाडे आणि किरकोळ खर्च दोन गटांत निम्मे वाटून घेतले तर आठवी ते दहावीचा गट २,८४,००० रुपये शिल्लक दाखवतो आणि पहिली ते सातवीचा १,३२,०००. पण बुडणाऱ्या रकमेपैकी १,१०,००० रुपये मोठ्या इयत्तांचे होते. मासिक फीचा थकबाकीदार महिन्या-दोन महिन्यांत लक्षात येतो. वार्षिक हप्त्यांचा थकबाकीदार परीक्षा झाल्यावर दिसेनासा होतो. ते वजा केल्यावर मोठ्या गटाची शिल्लक १,७४,००० आणि लहान गटाची १,०२,००० उरते. ज्या दहावीसाठी फ्लेक्स लागतात, ज्या निकालावर वर्गाचे नाव चालते, ती मानली जात होती तेवढी किफायतशीर नव्हती. शिवाय आठवीच्या १८ मुलांपैकी १३ याच वर्गाच्या सातवीतून वर आलेली होती. लहान मुलांचा गट आटला असता तर तीन वर्षांत दहावीची तुकडीही आटली असती.

तातडीचा धोका मात्र मोठ्या इयत्तांतच होता. वार्षिक फीचा निम्मा हप्ता जूनमध्ये, ३० टक्के दिवाळीनंतर आणि २० टक्के जानेवारीत अशी पद्धत असल्याने ऑक्टोबरमध्ये उरलेले ५,९८,००० रुपये एकतर येणे बाकी होते किंवा, काहींनी ते आगाऊ भरलेले असल्याने, मूल गेल्यास परत करावे लागणार होते. निम्मी मुले सरांबरोबर गेली असती तर तीन लाखांचा खड्डा पडला असता, आणि तो संचालिकांच्या वर्षभराच्या उत्पन्नापेक्षा मोठा होता.

पर्याय

पहिला विचार कराराचा झाला. नेमणुकीच्या वेळी सरांकडून एक कलम लिहून घेतले होते : नोकरी सोडल्यावर दोन वर्षे तीन किलोमीटरच्या परिसरात स्वतःचा वर्ग काढणार नाही. बहुतेक वर्गांच्या करारांत असे कलम असते आणि बहुतेक संचालकांचा त्यावर भाबडा विश्वास असतो. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २७ नुसार कोणालाही कायदेशीर धंदा करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल ठरतो. नोकरी चालू असताना दुसरीकडे काम न करण्याची अट सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये ग्राह्य धरली होती. नोकरी संपल्यानंतरचे बंधन मात्र १९८० च्या निकालात टिकले नाही. वकिलांनी हेच सांगितले. नोकरीत असताना तयार केलेल्या सराव प्रश्नपत्रिका आणि टिपणांवर प्रतिलिप्यधिकार कायद्यानुसार सामान्यतः वर्गाचा हक्क असतो, एवढाच काय तो दिलासा. पण दहावीच्या सराव प्रश्नपत्रिकांसाठी कोर्टाची पायरी चढण्यात हशील नव्हते. काही वर्गचालक अशा वेळी शिक्षकांची मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवतात. संचालिकांनी ती नेमणुकीच्या वेळी घेतलीच नव्हती, हे बरे झाले. तो मार्ग बेकायदा तर आहेच, शिवाय ही बातमी पालकांपर्यंत पोचायला एक दिवसही लागत नाही.

दुसरा पर्याय पगारवाढीचा. सरांना थांबवायचे तर महिन्याला ४५,००० द्यावे लागतील असा अंदाज होता, म्हणजे वर्षाला १,५६,००० जास्त. तिसरा पर्याय सरांनीच सुचवला : आठवी ते दहावीच्या जमा फीतील निम्मा वाटा. जमा होणारी रक्कम १०,८६,००० धरली तर त्यांना ५,४३,००० मिळाले असते, सध्यापेक्षा १,५९,००० अधिक. दोन्ही पर्यायांत संचालिकांचे उत्पन्न सव्वा लाखाच्या खाली जात होते. तरी दोन्ही सारखे नव्हते. पगारवाढीत थकबाकीचा बोजा संपूर्णपणे संचालिकांवर राहतो. वाट्याच्या पद्धतीत न आलेल्या फीचे निम्मे नुकसान शिक्षकही सोसतात, आणि मग हप्ते वसूल करण्यात त्यांना रस निर्माण होतो. २०२२ च्या सुमारास, सर नवे आणि वर्ग सावरत असताना, हा प्रस्ताव संचालिकांकडून गेला असता तर कदाचित भागीदारी झाली असती, असे मला वाटते. ऑक्टोबर २०२४ मध्ये गाळ्याची अनामत रक्कम भरून झालेली होती, आणि त्या टप्प्यावर वाटा देणे म्हणजे वर्षभराची मुदतवाढ विकत घेणे होते.

चौथा पर्याय लगेच दुसरे शिक्षक नेमण्याचा. ऑक्टोबरात चांगला गणिताचा शिक्षक मोकळा सापडत नाही. परिसरातील एका अनुदानित शाळेचे अनुभवी शिक्षक संध्याकाळी यायला तयार होते, 'नाव कुठे लावू नका' एवढीच त्यांची अट होती. शिक्षण हक्क अधिनियम, २००९ चे कलम २८ शाळेच्या शिक्षकांना खासगी शिकवणी घेण्यास मनाई करते. हा नियम किती पाळला जातो हे गावातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तरीही संचालिकांनी नकार दिला, आणि त्यामागे कायद्याइतकेच व्यवहाराचे कारण होते : ज्या माणसाचे नाव फळ्यावर लिहिता येत नाही त्याच्या भरवशावर पालकांसमोर उभे राहता येत नाही. शेवटी ठाण्याच्या एका शाळेतून निवृत्त झालेले, बीजगणित आणि भूमिती दोन्ही पेपर वर्षानुवर्षे शिकवलेले शिक्षक आठवड्यातून चार दिवस यायला राजी झाले.

फी परत करण्याचा प्रश्नही याच आठवड्यांत पुढे आला. दहावीच्या सात पालकांनी सवलतीसाठी पूर्ण वर्षाची फी जूनमध्येच भरली होती. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये शिकवणी केंद्रांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत ५० पेक्षा अधिक विद्यार्थ्यांच्या केंद्राने मध्येच वर्ग सोडणाऱ्याची उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी, असे म्हटले आहे. त्यांची अंमलबजावणी राज्यांवर सोपवलेली आहे, आणि महाराष्ट्रात २०१८ मध्ये खासगी शिकवण्यांसाठी तयार झालेल्या मसुद्याचाही तेव्हा कायदा झाला नव्हता. शिकवणी वर्ग ग्राहक कायद्याच्या कक्षेत येतात हे मात्र राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. संचालिकांनी मागणी येण्याची वाट न पाहता परतफेडीचा नियम लिहून काढला.

त्याच सूचनांत आणखी दोन तरतुदी आहेत, ज्या शब्दशः लागू झाल्या तर असे वर्ग चालूच शकणार नाहीत. सोळा वर्षांखालील विद्यार्थ्यांना प्रवेश देऊ नये ही एक, आणि शिकवणारा किमान पदवीधर असावा ही दुसरी. पहिलीच्या मुलांना वाचायला शिकवणारी या वर्गातील सर्वांत कुशल शिक्षिका डी.एड. आहे, पदवीधर नाही. प्रवेश परीक्षांच्या शिकवण्यांसाठी प्रसिद्ध असलेले राजस्थानातील कोटा शहर डोळ्यांसमोर ठेवून केलेले नियम डोंबिवलीच्या दुसरीतल्या मुलाला लावले की असे होते.

दिवाळी आणि पालकसभा

राजीनाम्याची बातमी सुट्टीनंतर पालकसभेत एकत्रितपणे सांगायची, असे संचालिका आणि सर यांच्यात ठरले होते. ३१ ऑक्टोबरला नरक चतुर्दशीच्या सकाळी फडके रोडवर डोंबिवलीची तरुण मंडळी जमली, त्यांत वर्गाचे माजी विद्यार्थीही होते, आणि दुपारपर्यंत दहावीच्या पालकांचे फोन सुरू झाले. 'मॅडम, सर जाणार असतील तर आधी सांगायचं ना,' या वाक्यात तक्रारीपेक्षा अपमान जास्त होता. पालकांनी हे मुलांकडून ऐकले होते.

सभा ठरल्यापेक्षा लवकर, भाऊबीजेनंतरच्या शनिवारी घेतली गेली. सभेपूर्वी संचालिका आणि सर यांच्यात जो समझोता झाला तो असा : सर दहावीची तुकडी परीक्षेपर्यंत, आठवड्यातून पाच संध्याकाळी, याच जागेत शिकवतील आणि त्यासाठी दरमहा २०,००० रुपये मानधन घेतील, आठवी-नववी निवृत्त शिक्षक लगेच हाती घेतील, सर आपला वर्ग जून २०२५ पासून सुरू करतील आणि तोवर येथील मुलांना प्रवेश देणार नाहीत, जूननंतर कोणी कुठे जावे हा पालकांचा प्रश्न राहील. व्हॉट्सॲप गटांचे ॲडमिनपद संचालिकांकडे आले. हा समझोता सरांनी का स्वीकारला, याचे उत्तरही व्यवहारात आहे. परीक्षा चार महिन्यांवर असताना दहावीची मुले मध्येच सोडणारा शिक्षक अशी ओळख घेऊन त्यांना नवा वर्ग उघडायचा नव्हता. संचालिकांनी हे ओळखले आणि धमकीऐवजी त्याच मुद्द्यावर बोलणी केली. या प्रकरणातला सर्वांत कसलेला निर्णय मला हाच वाटतो.

सभेत दोघे शेजारी बसले आणि आधी सर बोलले. दहावीच्या पालकांचे समाधान अर्ध्या तासात झाले. पण सभा तेथे संपली नाही. निमंत्रण सर्व इयत्तांना होते आणि लहान मुलांचे पालक अपेक्षेपेक्षा जास्त आले होते. त्यांना सरांबद्दल काही विचारायचे नव्हते. वर्गात बदल होणार असतील तर मुलांना संध्याकाळी बसू देणे बंद तर होणार नाही ना, एवढेच त्यांना हवे होते.

या प्रश्नामागची वस्तुस्थिती अशी होती. पहिली ते चौथीची तुकडी साडेसहाला सुटते. आई-वडील दोघेही मुंबईत नोकरीला असतील तर जलद लोकलनेसुद्धा छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून डोंबिवलीला तासाच्या वर लागतो आणि गर्दीत एखादी गाडी सोडावी लागली की घरी पोचायला आठ वाजून जातात. सोळा मुले रोज साडेसहानंतर कार्यालयात किंवा मागच्या बाकांवर बसून राहत. डी.एड. झालेल्या शिक्षिका त्यांच्यासाठी थांबत, कधी चित्रे काढून घेत, कधी पाढे म्हणवून घेत. याबद्दल कोणी पैसे देत नव्हते, कोणी मागत नव्हते, आणि शिक्षिकेच्या ९,००० रुपयांतही तो वेळ धरलेला नव्हता. गृहपाठ करून घेणारे वर्ग गल्लीत आणखी चार होते. विश्वासाने मूल आठपर्यंत सोडता येईल अशी जागा हीच एक होती.

शिकवणीची मागणी कमी नाही. केंद्र सरकारच्या २०२५ च्या शिक्षणविषयक सर्वेक्षणानुसार देशातील सुमारे २७ टक्के विद्यार्थी शिकवणी घेतात आणि शहरी भागात हे प्रमाण ३०.७ टक्के आहे. पण डोंबिवलीसारख्या गावात त्या मागणीचा एक मोठा हिस्सा अभ्यासाचा नसून संध्याकाळच्या राखणीचा आहे. या वर्गाने दहावीच्या गुणांना किंमत लावली, त्यासाठी एका व्यक्तीवर विसंबून राहिला, आणि जे फक्त त्याच्याकडेच होते ते चार वर्षे फुकट दिले.

त्यानंतरचे वर्ष

दहावीच्या २२ पैकी २० विद्यार्थी परीक्षेपर्यंत टिकले. दोघांनी फी परत घेऊन घरी शिकवणी लावली. १३ मे २०२५ रोजी निकाल लागला तेव्हा सराव चाचण्यांवरून जो अंदाज होता त्यापेक्षा तो फार वेगळा आला नाही. गुणवंतांचे फोटो या वेळी फ्लेक्सवर लावण्यापूर्वी प्रत्येकाकडून निकालानंतर लेखी संमती घेतली गेली. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नोव्हेंबर २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत ही अट आहे, आणि एका विद्यार्थिनीने संमती नाकारली तेव्हा तिचा फोटो लागला नाही.

जूनमध्ये नववीतून दहावीत गेलेल्या २० पैकी नऊ जण सरांच्या नव्या वर्गात गेले. समझोता पाळला गेला होता, त्यामुळे कटुता नव्हती. काही घरांतील धाकटी भावंडे इकडे आणि थोरली तिकडे अशी विभागणी झाली. या वर्षी दहावीला ११, नववीला १४ आणि आठवीला १५ विद्यार्थी राहिले. त्यांची फी प्रत्येक इयत्तेला हजार रुपयांनी वाढली आणि वार्षिक हप्त्यांऐवजी मासिक केली गेली. पहिली ते चौथीची फी १,००० झाली, पाचवी ते सातवीची १,४००, आणि त्या तीन इयत्तांत मुले ४२ वरून ४५ झाली. साडेसहा ते साडेआठ हा 'संध्याकाळचा तास' वेगळा जाहीर झाला, त्याची फी दरमहा ५०० रुपये, आणि सोळाच्या सोळा पालकांनी ती पहिल्याच दिवशी भरली. एका वडिलांनी 'अजून अर्धा तास वाढवता येईल का?' असेही विचारले.

जे अनौपचारिक होते ते औपचारिक झाले की जबाबदारीही लेखी होते. मुलाला न्यायला कोण येणार त्यांची नावे आणि सह्या असलेली वही सुरू झाली. त्या वेळेत दोन स्त्री कर्मचारी हजर असाव्यात, खोलीचे दार उघडे असावे आणि जिन्यापर्यंत मुलाला एकटे सोडू नये, असे नियम झाले. पोक्सो कायदा, २०१२ नुसार बालकावरील लैंगिक गुन्ह्याची माहिती असून ती न कळवणे हा गुन्हा आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाला त्यासाठी अधिक शिक्षा आहे. ही बाब सर्व शिक्षकांना समजावून सांगितली गेली.

नव्या वर्षाची आकारणी १८,८०,००० रुपये होते. निवृत्त शिक्षकांना १५,००० आणि आठवी-नववीसाठी नेमलेल्या तरुण विज्ञान पदवीधराला १६,०००, असा जवळजवळ सरांच्या पगाराइतकाच खर्च दोन व्यक्तींत विभागला गेला. लहान मुलांच्या दोन्ही शिक्षिकांचे मानधन ११,००० झाले, पाचवी ते सातवीच्या गणिताचे १३,००० आणि भाषा-समाजशास्त्राचे १९,०००. भाडे पाच टक्क्यांनी वाढले. एकूण खर्च १६,६६,८०० रुपये, आणि मासिक फीमुळे घटलेली, साधारण ५०,००० रुपयांची बुडीत वजा केल्यावर संचालिकांच्या हाती १,६३,२०० रुपये उरतात. महिन्याला १३,६०० रुपये. म्हणजे आधीपेक्षाही ९,४०० कमी.

हा आकडा पाहून पुनर्रचना फसली असे म्हणता येईल. मी तसे म्हणणार नाही, पण तो झाकणारही नाही. आता कोणी एक शिक्षक गेला तर जास्तीत जास्त एका-दोन इयत्तांचा प्रश्न निर्माण होतो, आणि येणे बाकी पूर्वीसारखी सहा लाखांच्या घरात जात नाही. उत्पन्न वाढवण्याचा उघड मार्ग संध्याकाळच्या तासाचा आहे : जागा तिथेच आहे, दुसरी खोली त्या वेळी रिकामी असते आणि आणखी बारा पालकांची नावे प्रतीक्षेत आहेत. त्या बारा मुलांची नियमित फी आणि संध्याकाळचा तास मिळून वर्षाला १,८०,००० रुपये येतील, उलाढाल २० लाख ६० हजारांवर जाईल आणि कर नोंदणी करावी लागेल. सहा टक्क्यांच्या योजनेत १,२३,६०० रुपये कर भरावा लागेल, आणि एक शिक्षिका वाढवावी लागेल तो खर्च वेगळा. बाराऐवजी सात मुले घेतली तर उलाढाल १९,८५,००० वर थांबते. संचालिकांनी तूर्त सातच घेतली आहेत, आणि उरलेल्या पाच पालकांना पुढच्या जूनमध्ये कळवतो असे सांगितले आहे.